रॉडच्या खाली उरलेल्या तीन गाद्या

२००४ च्या दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे, पाठीला उटणं लावता लावता आईचा हात थांबला. "तुझा उजवा फरा असा वर का आलाय गं?" मी १३ वर्षांची होते. पाटावर गुडघ्यांत मान घालून बसले होते, थंडीनं दात वाजत होते, आणि आई उगाच वेळ लावतेय असं वाटत होतं. तिनं दोन्ही तळवे पाठीवर सपाट टेकवले, मग वडलांना हाक मारून दिवा जवळ आणायला सांगितला. माझा कणा बाजूला वाकला होता, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. पुढच्या मे महिन्यात पुण्याला माझं ऑपरेशन झालं. डी४ (छातीमागचा चौथा मणका) पासून एल३ (कमरेचा तिसरा) पर्यंतचे १२ मणके स्क्रू आणि रॉड घालून एकमेकांना कायमचे सांधले. ५८ अंशांचा बाक २० अंशांवर आला.

आज सांगलीतल्या एका शाळेत मी गणित शिकवते. ओळखीतून ओळखी निघतात आणि कुणाच्या तरी मुलीचं ऑपरेशन ठरलं की माझा नंबर तिकडं जातो. तासगाव, पलूस, विटा, अगदी कऱ्हाडहूनसुद्धा आयांचे फोन येतात. प्रश्न बहुतेक दोनच असतात. सांधलेल्या मणक्यांच्या खालच्या गाद्यांचं पुढं काय होतं? आणि हॉस्पिटलातून संशोधनासाठी नाव, फोटो, एमआरआय मागतायत, तर द्यायचं का? मी डॉक्टर नाही, औषधोपचार सांगणार नाही. पण २० वर्षं ही पाठ वागवली आहे आणि अशा एका अभ्यासात स्वतः नाव दिलं आहे, त्यामुळं हे दोन प्रश्न हातात घेऊन काय काय करायचं, ते सांगू शकते. यातला पहिला प्रश्न दुसऱ्यावर अवलंबून आहे. आपण कागद दिले नाहीत, तर आपल्या गाद्यांचं काय होतं हे कुणालाच कळणार नाही.

आधी गादी म्हणजे काय ते समजून घ्या

आपल्याकडं "मणक्यातली गॅप कमी झाली" म्हणतात. ती गॅप म्हणजे रिकामी जागा नसते, तिथं गादी असते. मानेपासून कमरेपर्यंत अशा २३ गाद्या आहेत. बाहेरून चिवट धाग्यांची गुंडाळी आणि आत पाण्यानं भरलेला मऊ गर. तरुण वयात त्या गराचा जवळपास ८० टक्के भाग पाणीच असतो. दिवसभराच्या भारानं त्यातलं थोडं पाणी पिळून निघतं आणि रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. वर्गातल्या मुलांकडून मी हे मोजून घेतलं आहे, सकाळी घरी आणि संध्याकाळी घरी, त्याच भिंतीला, त्याच पट्टीनं.

मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. वरच्या-खालच्या मणक्याच्या पातळ कूर्चेतून जे झिरपून येईल त्यावरच ती जगते. त्यामुळं एकदा झिजली की स्वतःहून भरून येण्याची तिची ताकद फार कमी.

आता माझ्या पाठीचा हिशोब मांडा. डी४ ते एल३ हे १२ मणके एक झाले, म्हणजे मधल्या ११ गाद्यांची हालचाल संपली. खाली कमरेत तीनच उरल्या: एल३-४, एल४-५ आणि एल५-एस१ (एस१ म्हणजे कमरेखालच्या हाडाचा सगळ्यात वरचा भाग). वाकणं, वळणं, झुकणं हे सगळं त्या तिघींवर आणि खुब्यांवर आलं. फ्यूजन, म्हणजे मणके सांधणं, जितकं खाली जाईल तितक्या मोकळ्या गाद्या कमी उरतात, म्हणून सर्जन एकेका मणक्यासाठी विचार करतात. ऑपरेशन व्हायचं असेल तर हा प्रश्न आधीच विचारा: "खालचं टोक कुठं थांबणार आणि तिथंच का?"

वीस वर्षांनी बोलावतात ते कशासाठी

दोन वर्षांत जखम भरली, हाड जुळलं, मुलगी कॉलेजला जायला लागली, मग आणखी काय बघायचं, असं आमच्या घरीही म्हणत. त्याचं उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन पोलिओमुळं पाठ वाकलेल्या मुलांवर काम करत होते. त्यांनी स्टीलचा रॉड बसवून बाक ताणून सरळ करायची पद्धत काढली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. लाखमोलाचं काम होतं ते. पण ताणून सरळ करताना, जिथं फ्यूजन कमरेत खोलवर नेलं होतं तिथं कमरेचा नैसर्गिक आतला बाकही सपाट झाला. ती माणसं पुढं झुकून चालू लागली, कमर दुखू लागली. हे पहिल्या महिन्यात दिसलं नाही, वर्षं जावी लागली. आजचे रॉड बाजूनं बघताना दिसणारा तो बाकही राखून बसवतात, ते त्या रुग्णांमुळं.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गला अशा रुग्णांना २० वर्षांहून जास्त काळानं परत बोलावलं. कुणाचं ऑपरेशन झालं होतं, कुणाला बाक वाढू नये म्हणून घालायचा नुसता पट्टा होता. दहातले नऊहून जास्त आले. बाक नसलेल्या माणसांपेक्षा दोन्ही गटांत गाद्यांची झीज जास्त दिसली, तरी बहुतेकांचं रोजचं आयुष्य नीट चाललं होतं. आयोवा विद्यापीठानं तर ऑपरेशन न केलेल्या ११७ जणांना ५० वर्षांनंतर गाठलं आणि २००३ मध्ये लिहिलं: जुनाट पाठदुखी त्यांच्यात ६१ टक्के आणि बाक नसलेल्यांत ३५ टक्के. ही दोन वाक्यं लिहायला कुणीतरी पन्नास वर्षं पत्ते सांभाळले आहेत. आपल्याकडं मुलगी लग्न होऊन जाते, आडनाव बदलतं, फोन नंबर बदलतो, आणि नोंदवहीत तिच्यापुढं "संपर्क नाही" असं लिहिलं जातं. तिची पाठ चांगली आहे की वाईट, हे मग कुणालाच कळत नाही. आणि ज्यांना त्रास आहे तेच परत आले, तर हिशोब एका बाजूला कलतो.

फाईल: यात हयगय करू नका

माझी चूक आणि माझं दुःख इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं घर गावभागात, नदीजवळ. २००५ च्या जुलैअखेरीस पूर आला तेव्हा ऑपरेशनला जेमतेम अडीच महिने झाले होते. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांनी हळदीच्या पोत्याच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी आणली, माझे सगळे एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड त्यात घालून सुतळीनं तोंड बांधलं आणि डोक्यावर घेऊन विश्रामबागला मामाकडं पोचवलं. मी मागं रिक्षात आडवी. पिशवीला कित्येक महिने हळदीचा वास येत होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. तोवर वडील नव्हते, आई एकटी होती, आणि जुने एक्स-रे कुणाला आठवणार? लोखंडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात होते. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर सगळ्या फिल्म एकमेकींना चिकटून ठोकळा झालेला. आईनं एकेक सोडवून, गाळ धुऊन, गच्चीवर दोरीला चिमट्यांनी वाळत घातल्या. वाळल्यावर त्यावर काहीच उरलं नव्हतं. निळसर, पारदर्शक, कोरे कागद वाऱ्यावर हलत होते. त्यातल्या एकावर माझी १४ वर्षांची पाठ होती.

तीन वर्षांनी अभ्यासासाठी फोन आला. त्यांना सगळ्यात आधी हवा होता तो ऑपरेशनपूर्वीचा उभ्यानं काढलेला एक्स-रे आणि एमआरआय. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय आजची गादी किती बदलली ते सांगता येत नाही. मी जुन्या हॉस्पिटलात विचारलं, एवढ्या जुन्या नोंदी नाहीत म्हणाले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायला सांगितलेत आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायला सांगितलेत. २० वर्षांची जबाबदारी कुणावरच नाही. ती आपल्यावर आहे, असं धरून चाला.

तर ऑपरेशननंतर घरी निघायच्या आधीच, बिल भरतानाच, हे मागून घ्या. पहिली गोष्ट ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्ड वेगळं आणि ऑपरेशन नोट वेगळी, हे लक्षात ठेवा. कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत सांधलं, हाड कुठून घेतलं, हे तिच्यात असतं. दुसरी गोष्ट स्क्रू-रॉडचे स्टिकर. बॉक्सवरचे छोटे छापील स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असतात, त्यावर धातू आणि नंबर असतो. त्याची झेरॉक्स घ्या. तिसरी, उभ्यानं काढलेला पूर्ण पाठीचा एक्स-रे, ज्याला आपल्याकडं स्कॅनोग्राम म्हणतात: समोरचा आणि बाजूचा, ऑपरेशनपूर्वीचा, लगेच नंतरचा आणि दोन वर्षांनंतरचा. चौथी, एमआरआयची सीडी. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत डायकॉम नावाच्या संगणकी स्वरूपात सगळी असतात. सीडी खराब होते, म्हणून त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा. जुनी फिल्म असेल तर लॅपटॉपचा पांढरा पडदा उजळ करून त्यावर धरा, शेजारी पट्टी ठेवा आणि वरून सरळ फोटो घ्या. नाव, तारीख आणि "आर" किंवा "एल" हे बाजूचं अक्षर फोटोत यायलाच हवं.

ऑपरेशन नोटचा उपयोग फक्त संशोधनाला होतो असं समजू नका. माझ्या बाळंतपणात मिरजेला भूल देणाऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "फ्यूजन कुठवर आहे?" नोटची एक झेरॉक्स सासरी होती म्हणून त्यांना सुई कुठं द्यायची ते ठरवता आलं.

बाकाचा कोन घरी कसा वाचावा

हे माझ्या विषयातलं आहे आणि आवडीचंही. एक्स-रेवर लिहिलेला "कॉब अँगल" न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडला. तो समजला तर रिपोर्टची भीती निम्मी होते.

फिल्मवर बटर पेपर ठेवा. बाकाच्या वरच्या बाजूचा सगळ्यात कललेला मणका शोधा, त्याच्या वरच्या कडेवरून पट्टीनं रेघ ओढा. खालच्या बाजूचा सगळ्यात कललेला मणका शोधा, त्याच्या खालच्या कडेवरून दुसरी रेघ. या दोन रेघा बहुधा कागदाबाहेर जाऊन मिळतात, म्हणून प्रत्येकीवर एक लंब टाका. लंब जिथं छेदतात तिथला लघुकोन कोनमापकानं मोजा. तोच कॉब अँगल. १० अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. वाढत्या वयात २५ ते ४० च्या दरम्यान पट्ट्याचा विचार होतो, ४५-५० च्या पुढं ऑपरेशनचा.

सातवीच्या मुलांना एकच कोन मोजायला दिला तरी वर्गात चार उत्तरं येतात. डॉक्टरांचंही तसंच आहे. एकच एक्स-रे दोघांनी मोजला तर पाच अंशांपर्यंतचा फरक मोजणीचाच धरतात. तेव्हा २० चा २३ झाला म्हणून रात्रभर जागू नका. ८ अंशांनी वाढला तर मात्र फोन करा. गादीची उंची घरी मोजायच्या नादाला लागू नका. फिल्मवर चित्र मोठं झालेलं असतं, आणि किंचित तिरकं उभं राहिलं तरी गॅप कमी दिसते.

स्कॅनोग्राम आणि एमआरआयच्या दिवशी

दोन तारखांचे फोटो एकाच पद्धतीनं निघाले तरच तुलना होते. गुडघे सरळ, पाय नेहमीसारखे, बाजूच्या फोटोला मुठी गळपट्टीच्या हाडावर टेकवलेल्या. ताठ उभं राहून "छान" दिसायचा प्रयत्न करू नका, जशा आहात तशा उभ्या राहा. मंगळसूत्र, हुक, परकराच्या नाडीचं टोक, सगळं काढा. मुलींसाठी समोरचा फोटो पाठीकडून किरण सोडून घ्यायला सांगा, त्याला पीए व्ह्यू म्हणतात. छातीच्या वाढत्या भागावर किरण कमी पडतात. बाकाच्या मुलींना वर्षानुवर्षं एक्स-रे काढावे लागतात, त्यामुळं हे सांगण्यात संकोच नको. पाळी चुकली असेल तर आधी सांगा.

रॉड-स्क्रू टायटॅनियमचे असतील तर ते चुंबकाला ओढले जात नाहीत, त्यामुळं एमआरआय होतो. तरी स्टिकरची झेरॉक्स तंत्रज्ञाला दाखवा. शेवटच्या स्क्रूजवळ चित्र थोडं काळवंडतं, त्याची काळजी नको. शक्य असेल तर दरवेळी साधारण एकाच वेळी जा, मी सकाळी नऊची वेळ मागते. गादीतलं पाणी सकाळी आणि संध्याकाळी सारखं नसतं, हे वर आलंच आहे.

रिपोर्टमध्ये "फर्मन ग्रेड" असा शब्द येईल. २००१ पासूनची ही पाच पायऱ्यांची मोजणी आहे: पाण्यानं भरलेली पांढरी गादी पहिल्या पायरीवर, काळी पडून खचलेली पाचव्या. माझी एल३-४ तिसऱ्यावर आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. मग कळलं की कसलाही त्रास नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून बघितले आहेत. त्यांत २० वर्षांच्या ३७ टक्के आणि ८० वर्षांच्या ९६ टक्के लोकांत गादी झिजल्याच्या खुणा सापडल्या. काळी गादी म्हणजे दुखणारी गादी असं नाही. काळ्या गादीचा त्रास कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, हेच शोधायचं आहे. आणि त्यासाठीच न दुखणाऱ्या माणसांनीही जायला हवं.

संमतीपत्र हातात आलं की

तिथल्या तिथं सही करू नका. "घरी नेऊन वाचते" म्हणा, आणि मराठीतलं पत्रक मागा. तुम्हाला कळणाऱ्या भाषेत माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे. मी रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर पेन्सिल घेऊन बसले, आईनंही वाचलं. तिला न कळलेल्या चार वाक्यांखाली रेघा मारल्या आणि दुसऱ्या दिवशी तेच चार प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न पैशांचा: या अभ्यासाला पैसे कोण देतंय? भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सारख्या सरकारी संस्था देतात. परदेशात सरकारी निधी असतो, १९६६ पासून काम करणाऱ्या स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीसारख्या डॉक्टरांच्या संघटना संशोधनाला अनुदान देतात, आणि रॉड-स्क्रू बनवणाऱ्या कंपन्याही देतात. कंपनीचा पैसा म्हणजे खोटं संशोधन, असं मी म्हणत नाही. पण विचारायला हवंच, कारण असं घडलेलं आहे. हाड जुळायला मदत करणारं बीएमपी-२ हे प्रथिन २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कंपनीच्या पैशांतून झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत त्याच्यामुळं झालेला एकही त्रास नोंदलेला नव्हता. २०११ मध्ये पाठीच्याच डॉक्टरांच्या एका नियतकालिकानं ते सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा वापराच्या पद्धतीप्रमाणं त्रासाचं प्रमाण १० ते ५० टक्के असावं असा अंदाज निघाला. नंतर येल विद्यापीठामार्फत दोन स्वतंत्र गटांनी मूळ आकडे बघितले आणि कमरेचं स्वतःचं हाड वापरण्यापेक्षा त्यात ठळक जास्तीचा फायदा सापडला नाही. हे उघडकीला आणणारेही डॉक्टरच होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अभ्यास नोंदलेला आहे का ते घरबसल्या बघता येतं. दिल्लीला आयसीएमआरच्या संस्थेत २००७ पासून चालणारी सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) ही वैद्यकीय अभ्यासांची नोंदवही सगळ्यांना मोफत खुली आहे, आणि नवे उपचार तपासणाऱ्या चाचण्यांना २००९ पासून तिथं नोंद सक्तीची आहे. पत्रकावरचा नंबर तिथल्या शोधाच्या खान्यात टाका, किंवा "स्कोलिओसिस" हा शब्द इंग्रजीत टाका. पुरस्कर्ता कोण, पैसा कुठून, किती रुग्ण घेणार, आधी ठरवलेलं मुख्य मोजमाप कोणतं, नीतिमत्ता समितीची (रुग्णांचं हित बघून अभ्यासाला मान्यता देणारी समिती) परवानगी मिळाली का, हे सगळं तिथं दिसतं. मुख्य मोजमापाची ओळ नीट वाचा. "रॉडची जागा" मोजणार असतील तर त्यातून तुमच्या खालच्या गाद्यांविषयी फारसं काही कळणार नाही.

मग बाकीचे प्रश्न. जास्तीचे एक्स-रे किती? एमआरआयचा खर्च आणि येण्या-जाण्याचं भाडं कोण देणार? अभ्यासामुळं काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई मिळणार, हे लिहिलंय का? आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचनांत ते आहे. फोटोत वेगळंच काही सापडलं तर मला सांगणार का? नावाऐवजी कोड वापरणार का? मधेच सोडलं तर माझ्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हे वाक्य आहे का? नीतिमत्ता समितीचा फोन नंबर आहे का? त्या समितीत डॉक्टर नसलेला एक सामान्य माणूसही असावा लागतो. तो आपल्यासारखाच वाचणारा, म्हणून बिचकू नका. सही केल्यावर एक प्रत आपल्याकडं हवीच.

मुलगी लहान असेल तर आईबापांच्या सहीवर भागत नाही. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलांना लेखी विचारायचं असतं. ती नको म्हणाली तर नको. माझ्या वेळी मला कुणी काही विचारलं नव्हतं. वर्षभर डॉक्टर माझ्या पाठीबद्दल वडलांशी बोलायचे आणि मी भिंतीकडं तोंड करून उभी असायचे. म्हणून या बाबतीत मी आयांना फार आग्रहानं सांगते.

एक प्रश्नावलीही असते, एसआरएस-२२. बावीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण: दुखणं, काम, दिसणं, मन आणि समाधान. ती एकटीनं भरा, नवऱ्याला किंवा सासूबाईंना विचारून नव्हे. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून पाच-पाच गुण देऊ नका. स्वतःच्या दिसण्याच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले आणि जे खरं होतं ते लिहिलं: तीन.

तीन गाद्यांचं रोजचं

गोथेनबर्गचा तो अभ्यास करणाऱ्यांत आल्फ नाकेम्सन होते. त्यांनीच १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. पुढं वाकून वजन उचलताना तो फार वाढतो. त्यामुळं माझ्या घरात पाण्याचा हंडा नाही, दोन छोट्या कळश्या आहेत. पाठ वाकत नाही म्हणून सगळं वाकणं खुब्यातून आणि गुडघ्यांतून घेते, त्यासाठी मांडीच्या मागच्या शिरा रोज ताणते. भाकरी उभ्यानं थापते. पेपर तपासताना अर्ध्या तासाला उठते. संध्याकाळी आमराईत ४० मिनिटं चालते, कारण गादीला रक्त नाही, हालचालीनंच तिला पोसायचं. विडी-सिगारेट गादीलाही वाईट आणि हाड जुळायलाही. आमच्याकडच्या बायकांची मिश्री म्हणजे तंबाखूच, हे आत्याला समजवायला मला दोन वर्षं लागली. हाडवैद्याकडून किंवा कुणाहीकडून झटका देऊन पाठ "मोकळी" करून घेऊ नका.

पायातली ताकद एकाएकी गेली, लघवी कळेनाशी झाली किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

घरातल्या मुलांच्या पाठीही बघत राहा, कारण हा बाक घराण्यात चालतो. पाय जुळवून, गुडघे सरळ, हात जोडून पुढं वाकायला सांगा आणि मागून डोळे पाठीच्या पातळीवर आणून बघा. एक बाजू उंच दिसली तर एक्स-रे. माझी लेक १० वर्षांची आहे, तिची पाठ मी दर तीन महिन्यांनी बघते आणि दिवाळीत आई बघते.

अभ्यासाच्या अर्जात "दुसऱ्या नातेवाइकाचा नंबर" असा रकाना असतो. बरेच जण तो मोकळा सोडतात. तिथं अशा माणसाचा नंबर द्या जो घर बदलणार नाही. मी भावाचा दिला. फोन नंबर बदलला की बँकेला कळवतो तसं त्यांनाही कळवा, नसेल जमत जायला तर "यंदा येत नाही, पुढच्या वर्षी बोलवा" एवढं तरी सांगा. आणि फाईल कुठं आहे ते घरातल्या दोघांना तरी दाखवून ठेवा. माझी आता माळ्यावर आहे, मार्केट यार्डातून मुद्दाम आणलेल्या हळदीच्या पिशवीत, तोंड सुतळीनं बांधून. लेकीला शिडी लावून दाखवली आहे.